ताज्या रंगावर कव्हर घालू नकोस

त्याला सगळे फवारा म्हणत. गाड्यांना स्प्रेने रंग मारायचा धंदा, म्हणून हे नाव पडलं असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. साफ खोटं. नाव पडलं ते त्याच्या तोंडामुळे. गडी बोलायला लागला की समोरचा भिजून निघायचा. कुणी नुसतं म्हणालं, "जरा लवकर द्या हो गाडी," की हा तोंडावरचा मास्क खाली ओढून सुरू व्हायचा. "लवकर पाहिजे? मग न्या. आत्ता न्या. अर्धा रंग, अर्धी पुट्टी. कुणी विचारलं तर सांगा, गाडीला कांजिण्या आल्यात."

तरी लोक यायचे, कारण हात तसा होता. धडकेत चेपलेलं दार तो असं रंगवून द्यायचा की मालकालाच आठवावं लागायचं, चेपलं होतं ते डावं की उजवं. रंग मारायच्या आधी शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडायचा, धूळ बसावी म्हणून. मग प्लास्टिकचे पडदे सोडायचा आणि बायकोला बजावायचा, "आता आग लागली तरी दार उघडायचं नाही." बायको म्हणायची, "आग लागली तर मी कशाला येऊ? मी पळून जाईन." असा त्यांचा संसार.

शेडच्या आतल्या भिंतीवर रंगांचे ठिपकेच ठिपके होते. नवा रंग मिसळला की तो आधी तिथे एक फटकारा मारून बघायचा. त्या सगळ्या ठिपक्यांच्या मधोमध त्याच्या वडिलांचा फोटो होता. गाड्या पुसायच्या मऊ फडक्याने तो रोज सकाळी फोटोची काच पुसायचा. कुणी कौतुकाने बघितलं तर म्हणायचा, "प्रेमाने नाही पुसत. माझ्याकडे नीट बघता यावं त्यांना, म्हणून पुसतो."

या माणसाने डूख धरला होता. साधासुधा नाही. पोरं लहानाची मोठी झाली, केस पिकले, चष्मा लागला, पण डूख जसाच्या तसा होता.

झालं होतं असं. मूळ वर्कशॉप वडिलांचं. थोरला भाऊ पुढे काउंटरवर बसायचा, गोड बोलायचा, गिऱ्हाइकांच्या पोराबाळांची चौकशी करायचा. फवारा मागे रंगात. एकदा गावातल्या बड्या डॉक्टरची गाडी आली. फवाऱ्याने जीव ओतून रंगवली. काळा रंग, त्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर, आरसाच जणू. वडिलांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं. फवारा घरी जाऊन गाढ झोपला.

आणि थोरल्याला अवदसा आठवली. डॉक्टरसमोर गाडी अजून चमकावी म्हणून त्याने त्याच संध्याकाळी तिच्यावर वॅक्स चोपडलं, वर ताडपत्री घातली आणि दोऱ्यांनी आवळून बांधली. आता हे कळायला रंगारीच असावं लागतं असं नाही, पण रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून वाळत असतो. त्यातला थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, हळूहळू उडून जायचा असतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते. वरून वॅक्सचा थर दिला, वर ताडपत्रीत कोंडला, हवा दमट, मग तो जाणार कुठे? डॉक्टरने येऊन ताडपत्री काढायला लावली तेव्हा गाडीवर पांढुरकं सावट आलेलं होतं, आणि बॉनेटभर ताडपत्रीची वीण उमटलेली. चौकड्याच चौकड्या.

डॉक्टर भडकला. थोरल्याने एक क्षणही न दवडता मागच्या शेडकडे बोट केलं. "धाकट्याने थिनरमध्ये भेसळ केली. चांगला थिनर बाहेर विकतो हा. मला बरेच दिवस संशय होता."

फवारा ओरडला, "ताडपत्री कुणी घातली विचारा! वॅक्स कुणी लावलं विचारा!" कुणी विचारलं नाही. वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही." आई वर्कशॉपच्या दारात उभी होती. पदर तोंडावर धरून उभी होती, पण तोंडातून ब्र काढला नाही तिने. फवाऱ्याने स्प्रे-गन उचलली आणि निघाला. काही वर्षांनी वडील गेले. मुलगा चोर आहे असं समजूनच गेले, हे फवाऱ्याच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

त्याला वर्कशॉप नको होतं. वाटणी नको होती. त्याला एवढंच हवं होतं की थोरल्याने स्वतःच्या तोंडाने आईसमोर सांगावं, याने चोरी केली नव्हती, रंग माझ्यामुळे गेला. वडील तर गेले, निदान आईच्या कानावर तरी पडू दे. ती जाण्याआधी. बाकी थोरल्याची जिरली तर ते वरचं. खरं सांगायचं तर त्या वरच्याचीच त्याला जास्त भूक होती.

आणि एका सकाळी थोरल्याची गाडी शेडसमोर येऊन थांबली.

गेटच्या खांबाला घासून उजवी बाजू पार सोलली होती, बॉनेट चेपलेलं. स्टिअरिंगवर थोरला, आणि शेजारच्या सीटवर आई. आईला उतरायला वेळ लागला. उतरली आणि म्हणाली, "मीच हट्ट केला. म्हटलं, रंगवायची तर तुझ्याकडेच."

थोरला गॉगल काढून म्हणाला, "आमच्याकडचा रंगारी सोडून गेला. नाहीतर मी कशाला तुला त्रास देणार?"

"त्रास कसला," फवारा म्हणाला. "दादा, तू आणलीस, तर पूर्ण गाडीच रंगवतो. नवी करून देतो."

त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती तिथेच थबकली. नवरा गोड बोलतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "काय घालणार आहात रंगात?"

"काही नाही. देवाशपथ काही नाही. आयुष्यात रंगवली नाही अशी रंगवणार आहे."

"मग?"

"मग काही नाही. भाजी वाढ."

आणि खरंच तशी रंगवली. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली. काळा रंगच दिला त्याने, मुद्दाम. थोरल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काळा चालेल, रुबाबदार दिसतो." क्लिअर कोट मारताना फवारा श्वाससुद्धा बेताने घेत होता. एक माशी आत शिरली तर तिला त्याने अशा शिव्या घातल्या की पडद्याबाहेर बायको हसायला लागली. शेवटी गाडी बाहेर काढली तेव्हा समोरच्या दुकानातली माणसं उठून बघायला आली.

गाडी न्यायला थोरला आला. फवाऱ्याने निरोप धाडला होता, आईला घेऊन ये, तिला दाखवायची आहे. आईला त्याने खुर्ची दिली. मग थोरल्याकडे वळला आणि शाळामास्तरासारखा स्वच्छ, सावकाश बोलायला लागला. प्रत्येक शब्द आईला ऐकू जाईल असा.

"दादा, नीट ऐक. महिनाभर हिला वॅक्स लावायचं नाही. पॉलिशवाल्याला हात लावू द्यायचा नाही. कव्हर घालायचं नाही, कसलंच नाही. सावलीत उभी कर, पण उघडी. हवा लागू दे. पहिला आठवडा धुवायचीसुद्धा नाही. मग धुशील तेव्हा उन्हात नाही, आणि ते जोराच्या पाण्याचं मशीन लावायचं नाही. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू दे, मग मऊ फडकं, वरून खाली. टप आधी, चाकं शेवटी. गोल गोल रगडायचं नाही. भांड्यांचा साबण नाही. पक्ष्याने घाण केली तर वाळू देऊ नकोस, ओल्या फडक्याने लगेच उचलून घे. एवढं केलंस तर ही गाडी तुझा नातूसुद्धा चालवेल."

"उघडी ठेवू?" थोरला म्हणाला.

"उघडी."

"वॅक्स नाही?"

"नाही."

थोरला हसला. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसायची त्याची जुनी सवय होती, आणि ते हसू बघून फवाऱ्याचा जीव भांड्यात पडला. थोरल्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला लख्ख दिसत होतं. हा म्हणतोय उघडी ठेव, म्हणजे उघडी ठेवली तर वाट लागणार. हा म्हणतोय वॅक्स नको, म्हणजे वॅक्सने रंग टिकणार. आयुष्यभर दुसऱ्याला टोप्या घातलेल्या माणसाला समोरचा सरळ बोलतोय हे पटतच नाही. त्यात थोरल्याने डॉक्टरच्या गाडीची भेसळीची गोष्ट इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती की आता ती त्यालाच खरी वाटत होती. ताडपत्रीने रंग गेला हे तो स्वतःसुद्धा विसरला होता.

गाडी गेली. फवारा वळणापर्यंत बघत राहिला.

"सगळं खरं सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"अक्षर न् अक्षर."

"तुमच्या खरेपणाची मला भीती वाटते," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मग वाट बघणं सुरू झालं. फवाऱ्याचं कामात लक्ष लागेना. हवा दमट होती, आणि त्या हवेवर तो एवढा खूश की गिऱ्हाइकांशी चक्क नीट बोलायला लागला. एक जुनं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "तब्येत बरी आहे ना?" रोज सकाळी फोटो पुसताना तो वडिलांना सांगायचा, "थांबा जरा. येतोय तुमचा लाडका." मधेच मनात यायचं, दादाने ऐकलं तर? समजा, या एकदाच ऐकलं तर? मग गाडी झक्कास राहील आणि आपण मात्र तसेच चोर. सूड घ्यायचा तर समोरचा माणूस अगदी मनाजोगता नालायक निघावा लागतो, ही केवढी मोठी अडचण.

पण थोरल्याने दगा दिला नाही.

तो आला तोच हॉर्न वाजवत. गाडी आडवी लावली, दार आपटलं. आई याही वेळी शेजारच्या सीटवर होती. तिला कसलाच पत्ता लागू न देता आणलं असावं, कारण ती गोंधळून इकडे तिकडे बघत होती.

"बघ!" थोरला ओरडला. "आई, तूच बघ! म्हटलं नव्हतं मी? याने पुन्हा तेच केलं!"

फवाऱ्याने बघितलं. बॉनेटवर, टपावर पांढुरकं सावट. कडांना बारीक बारीक फोड. आणि सगळीकडे कापडी कव्हरची वीण, एकेक धागा मोजता यावा इतकी स्वच्छ उमटलेली. त्याचेच कष्ट होते ते, त्याच्याच बोटांनी घासलेलं. एक क्षण त्याला गाडीची दया आली. मग ती दया त्याने गिळून टाकली.

"वॅक्स कधी लावलंस, दादा?"

"घरी नेली त्याच दिवशी! रंग टिकावा म्हणून! आणि चांगलं महागातलं कव्हर घातलं, अस्तरवालं!"

"मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगणारच! तुझं ऐकलं असतं तर आणखी वाटोळं झालं असतं!"

फवारा आईकडे वळला. हीच ती वेळ. इतकी वर्षं तो हे वाक्य मनात घोळवत होता, आणि आता ते एकदाचं तोंडाबाहेर पडलं. "आई, मी तुझ्यासमोर सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही? कव्हर घालू नकोस म्हटलं होतं. आता ये, जवळ येऊन बघ. या चौकड्या ओळखीच्या वाटतात का? डॉक्टरची गाडी आठवते? मी भेसळ केली नव्हती, आई. तेव्हाही यानेच वॅक्स लावलं, यानेच झाकली. मी चोर नव्हतो."

थोरल्याचा चेहरा उतरला. तो बॉनेटकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याला ती ताडपत्री आठवत असावी.

आई गाडीजवळ आली. तिने बॉनेटवरून हात फिरवला. मग दोन्ही मुलांकडे न बघता म्हणाली, "मला माहीत आहे."

"आत्ता कळलं ना?"

"आत्ता नाही रे. तेव्हाच. त्यांनाही माहीत होतं. तू गेलास त्या रात्री त्यांनी तुझा थिनरचा डबा उघडून हुंगला. बोटावर घेऊन बघितला. म्हणाले, माल चांगला आहे. ताडपत्रीच्या गाठी बघून म्हणाले, या थोरल्याच्या गाठी."

या फवाऱ्याच्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लागलं.

"मग?" शेवटी थोरल्यानेच विचारलं. "मग मला का नाही हाकललं?"

आईने पदराने बोट पुसलं. "मीही हेच विचारलं त्यांना. म्हणाले, धाकट्याच्या हातात कला आहे, तो कुठेही पोट भरेल. थोरल्याला काही म्हणता काही येत नाही. त्याला बाहेर काढला तर तो भीक मागेल."

फवाऱ्याने थोरल्याकडे बघितलं. जन्मभर लाडका म्हणून मिरवलेला माणूस, आणि आता तोंडात मारल्यासारखा उभा होता. एवढा जबर फटका फवाऱ्याला सात जन्मांत मारता आला नसता, आणि तो मारला कुणी, तर भिंतीवरच्या फोटोने. पण त्याला आनंद झाला नाही. झाला असता, जर तोच फटका त्यालाही बसला नसता. हे लोक जाणून होते! जाणून होते आणि जेवत होते, झोपत होते, आणि हा इकडे रात्ररात्र उशाशी तो आळ घेऊन पडत होता. वडील चोर समजून गेले नाहीत. हिशेब करून गेले. कुठल्या गोष्टीचा जास्त राग यावा हेच त्याला कळेना, म्हणून त्याला सगळ्यांचाच आला.

"आणि तू?" तो आईला म्हणाला. "दारात उभी होतीस ना तू? एक शब्द बोलली असतीस."

"बोलायला हवं होतं," आई म्हणाली. "म्हणून तर गाडी तुझ्याकडे आणली."

"गाडी! गाडी घेऊन काय करू मी? लोणचं घालू?"

तो आत गेला. पाण्याची बादली आपटल्याचा आवाज आला. बायको मागोमाग जायला निघाली आणि थांबली, कारण तो लगेच परत बाहेर आला होता. डोळे लाल होते, पण आवाज ताळ्यावर आला होता.

"गाडी ठेवून जा," तो थोरल्याला म्हणाला. "सगळं खरवडून पुन्हा रंगवीन. पण या वेळी घरी न्यायची नाही. महिनाभर इथेच राहील, माझ्या अंगणात, उघडी. आणि धुवायची तू. मी नाही, तू. मी सांगेन तशी."

"मी?" थोरला म्हणाला. "लोक बघतील."

"बघू देत की. माझ्या वेळीही बघत होते."

मग आईकडे वळला. "तूही यायचंस. खुर्ची टाकून ठेवीन."

"मला कशाला रे?"

"बघायला. तेव्हा बघत उभी राहिलीस ना? आता बसून बघ."

बायकोने डोळ्यांनी त्याला दटावलं. म्हातारीला असं बोलतात का, असा तिचा चेहरा होता. पण आईच म्हणाली, "येईन," आणि गाडीतून आपली पिशवी काढून घेतली.

गाडी पुन्हा रंगली. पहिला आठवडा कोरडा गेला. मग ठरल्या सकाळी थोरला आला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि समोरच्या दुकानातली माणसं हमखास बाहेर आली. आई सावलीत खुर्चीवर बसली होती. थोरल्याने फडकं भिजवलं आणि सरळ चाकाला लावलं.

"टप!" फवारा कडाडला. "आधी टप! पाणी ओत, पाणी! धूळ वाहू दे आधी. अरे, गाडी धुतोयस की म्हैस?"

दुकानातली माणसं खदखदली. थोरल्याची मान खाली गेली. त्याने बादली उचलली, अर्धं पाणी त्याच्याच पायावर सांडलं. मग हळूहळू, वरून खाली, फडकं सरळ रेषेत ओढायला लागला. वाईट ओढत होता, पण ओढत होता. काळ्या रंगात त्याचा वाकलेला चेहरा दिसायला लागला तसा तो क्षणभर थांबला आणि पुन्हा पुसू लागला.

फवारा आत गेला आणि वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून घेऊन आला. काच पुसली. मग अंगणाच्या बाजूच्या खिडकीत, बाहेर तोंड करून ठेवला.

"अहो, त्यांना कशाला उन्हात?" बायको म्हणाली.

"बसू देत उन्हात. थोरल्याला काही म्हणता काही येत नाही म्हणत होते ना? बघू देत म्हणावं, आता एक काम येतं त्याला."

आणि बादलीतलं पाणी मळलेलं बघून त्याने बाहेर ओरडून सांगितलं, "दादा, पाणी बदल!"